गिनीपिगाचे घर

ज्या प्राण्याला आपण गिनीपिग म्हणतो, त्याचा गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशी तर मुळीच नाही. गिनी हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील देश. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मुलखातला. डुकराला खूर असतात; याच्या पुढच्या पायांना चार-चार व मागच्या पायांना तीन-तीन बोटे असतात आणि उंदीर, खार, साळिंदर यांच्याप्रमाणे हाही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडतो. तरीही स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव देताना ‘पोर्सेलस’ हाच शब्द योजला. आणि लॅटिन भाषेत त्याचा अर्थ होतो डुकराचे पिल्लू! नावातली ही गल्लत निरुपद्रवी आहे. परंतु या प्राण्याला घर देताना माणसे जी गल्लत करतात, ती तशी निरुपद्रवी नाही. कोणी त्याला पोपटाच्या पिंजऱ्यात कोंबतो, कोणी पांढऱ्या उंदरांच्या चक्रासह आलेल्या डब्यात ठेवतो, तर कोणी माशांची रिकामी काचपेटी त्याच्यासाठी माळ्यावरून खाली काढतो. पोपट, उंदीर आणि मासा यांपैकी तो कोणीच नाही. म्हणून त्याचे घर कसे असावे हे ठरवण्यापूर्वी तो स्वतः कसा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

गिनीपिग वीतभराहून थोडा लांब, गुबगुबीत आणि बिनशेपटीचा असतो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन पाऊण ते सव्वा किलो भरते. पाय आखूड, डोके मोठे आणि कान पाकळीसारखे पातळ. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून गवतासारखे चरबट खाद्य तो दिवसभर चघळत असतो आणि त्यामुळे दात झिजून बेताचे राहतात. नीट सांभाळल्यास तो पाच ते आठ वर्षे जगतो. याचा अर्थ असा की, पाचवीतल्या मुलाने आणलेला गिनीपिग तो मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो. इतका काळ ज्यात काढायचा ते घर घाईघाईने निवडण्याजोगे नाही.

अँडीजच्या डोंगराळ प्रदेशातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी माणसाळवला. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांत त्याला ‘कुय’ म्हणतात. तेथे तो हौसेसाठी नव्हे, तर मांसासाठी पाळला जात आला आहे. गंमत अशी की, तेथील खेड्यांतून त्याला पिंजरा फारसा ठाऊकच नव्हता. स्वयंपाकघराची मातीची जमीन हेच त्याचे अंगण. चुलीच्या उबेला, भिंतीच्या कडेकडेने कळपाने हिंडावे, भाज्यांच्या साली आणि शेतातून आणलेले गवत खावे आणि पाहुणा आला की अडगळीत दडावे, असे त्याचे आयुष्य असे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक दक्षिण अमेरिकेत पोहोचल्यावर तो जहाजांतून युरोपात गेला, तेथे श्रीमंतांच्या घरचे खेळणे झाला आणि पुढे प्रयोगशाळांत शिरला. कॉलऱ्याची लस तयार करताना डॉ. हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये जे प्रयोग केले, ते गिनीपिगांवरच. हेच हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईस आले आणि त्यांचे नाव तेथील एका प्रसिद्ध संस्थेस मिळाले. आज आपल्या शहरांतील प्राण्यांच्या दुकानांत जो गिनीपिग दिसतो, तो इतक्या लांबून आणि इतक्या हातांतून आलेला आहे.

त्याचे रानटी भाऊबंद अजूनही दक्षिण अमेरिकेतील गवताळ माळांवर राहतात. एक नर, काही माद्या आणि पिल्ले असा त्यांचा छोटा कळप असतो. उंच गवतातून ये-जा करून त्यांनी बोगद्यासारख्या वाटा पाडलेल्या असतात आणि या झाकलेल्या वाटांनीच ते चरायला जातात. त्यांना नखांनी झुंजता येत नाही, झाडावर चढता येत नाही, उंच उडी मारता येत नाही. आकाशातून घार झेपावली किंवा गवतात कोल्ह्याची चाहूल लागली, की त्यांच्यापुढे दोनच उपाय असतात: जागच्या जागी गोठल्यासारखे स्तब्ध बसणे, नाहीतर आडोशाकडे धूम ठोकणे. पाळीव गिनीपिगाने कित्येक पिढ्यांत घार पाहिली नसेल. पण डोक्यावरून हात आला की तो आजही असाच दचकतो. आणखी एक गोष्ट या भित्र्या जातीने रानातून आणली आहे. दुखणे लपवण्याची. रानात जो लंगडतो, तो प्रथम पकडला जातो. म्हणून वेदना होत असताही गिनीपिग गप्प राहतो. त्याचे घर चुकीचे असेल तर तो तक्रार करणार नाही, ओरडणार नाही. तो फक्त कमी खाऊ लागेल, आणि ते ध्यानात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

आता पिंजऱ्याकडे वळू. दुकानात गिनीपिगाबरोबर जो पिंजरा मिळतो, तो बहुधा दीड फूट लांब आणि एक फूट रुंद असतो. दुकानदार म्हणतो, “प्राणी लहान, त्याला पुष्कळ झाला.” हे म्हणणे गणिताने तपासून पाहावे. दीड गुणिले एक म्हणजे दीड चौरस फूट. प्राण्यांची काळजी वाहणाऱ्या जाणत्या संस्था दोन गिनीपिगांसाठी किमान साडेसात चौरस फूट जमीन सांगतात. म्हणजे दुकानातला पिंजरा गरजेच्या पाचव्या हिश्शाइतकाच झाला! साडेसात चौरस फूट म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे यावे म्हणून घरातल्या कॅरमच्या फळीचे उदाहरण घेता येईल. कॅरमचा खेळण्याचा भाग २९ इंच लांब व तितकाच रुंद असतो. त्याचे क्षेत्रफळ ८४१ चौरस इंच होते. साडेसात चौरस फुटांचे चौरस इंच करण्यासाठी १४४ ने गुणले, तर १०८० येतात. तेव्हा कॅरमची अख्खी फळीदेखील दोन गिनीपिगांना अपुरी पडते. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी जागा मिळाली तर आठ चौरस फूट होतात आणि प्रश्न सुटतो. तिसरा प्राणी असेल तर साडेदहा चौरस फूट तरी हवेत.

या आकड्यांमागे नुसती हौस नाही. गिनीपिग सरळ रेषेत धावणारा प्राणी आहे. त्याला दहा-बारा पावले वेगाने पळता आले नाही, तर त्याचे अंग जड होते आणि सांधे आखडतात. शिवाय दोन प्राणी एकमेकांवर रुसतात तेव्हा एकाला दुसऱ्यापासून दूर जाता आले पाहिजे. अडचणीच्या जागेत रुसव्याचे भांडण होते आणि भांडणाचे चावे होतात. म्हणूनच त्याच्या घराची लांबी-रुंदी मोजावी. उंची मोजून भुलू नये. पोपटाचा पिंजरा उंच असतो, कारण पोपट दांडीवर बसतो आणि वर-खाली चढतो. गिनीपिगाला त्या उंचीचा काडीचाही उपयोग नाही. दोन-तीन मजल्यांचे शोभिवंत पिंजरेही विकत मिळतात. त्यांचे वरचे मजले जमिनीच्या हिशेबात धरू नयेत. आणि जिना खडा असेल तर तो काढूनच टाकावा, कारण उंचीचा अंदाज या प्राण्याला नीट येत नाही व फूट-दोन फुटांवरून पडूनही त्याचे हाड मोडते. उंदरांसाठी असते तसले फिरते चक्रही त्याच्या कामाचे नाही. त्याचा कणा त्या वळणाला जुळणारा नाही आणि चक्राच्या गजांत पाय अडकतो.

सगळ्यांत मोठा दोष मात्र तळात असतो. पुष्कळ पिंजऱ्यांचा तळ तारेच्या जाळीचा असतो आणि तिच्याखाली सरकता पत्रा. लेंड्या आणि मूत्र खाली पडावे व साफसफाई सोपी व्हावी, असा त्यातला हेतू. साफसफाई सोपी होते खरी. पण किंमत कोण देतो? गिनीपिगाच्या तळपायावर केस नसतात. ती कातडी नाजूक, आणि सबंध अंगाचे ओझे त्या चार छोट्या तळव्यांवर. तारेवर दिवसरात्र उभे राहिल्याने तळवे सोलवटतात, सुजतात, त्यांत जंतू शिरतात आणि पू धरतो. हा रोग मुरला तर हाडापर्यंत जातो आणि बरा होणे कठीण होऊन बसते. कधी पाय जाळीच्या छिद्रात अडकून मोडतो. अनवाणी माणसाला खडीच्या रस्त्यावर घटकाभर उभे केले तर तो ओरडेल. येथे ओरडण्याची सोय नाही आणि रस्ताही संपत नाही. तेव्हा पिंजरा कसलाही असो, त्याचा तळ सपाट आणि भरीव असला पाहिजे.

भरीव तळ हवा म्हणून काहीजण माशांची काचपेटी निवडतात. तिचा तळ भरीव असतो हे खरे; परंतु तिच्या भिंतीही भरीव असतात आणि तेथेच घात होतो. गिनीपिगाच्या मूत्रातील युरिया जंतूंमुळे कुजला की त्यातून अमोनिया वायू निघतो. न धुतलेल्या मुतारीजवळून जाताना डोळे चुरचुरतात, ते याच वायूमुळे. जाळीच्या पिंजऱ्यातून तो वाऱ्याबरोबर निघून जातो. काचेच्या पेटीत तो तळाशी, नेमका त्या प्राण्याच्या नाकाशी कोंडून राहतो. त्याने नाकातील व छातीतील नाजूक आवरण दुखावते आणि मग सर्दीसारखे साधे दुखणेही फुप्फुसांपर्यंत जाते. काच उन्हाने तापते, हा तिचा दुसरा दुर्गुण.

मग घरात आधीच येऊन पडलेला लहान पिंजरा फेकून द्यावा काय? तसे करण्याचे कारण नाही. थोडी कल्पकता आणि एक रविवार एवढ्यावर त्याचे रूप पालटता येते. प्रथम जाळीच्या तळावर बरोबर मापाची फळी किंवा जाड प्लास्टिकचा पत्रा बसवावा. कडेला फट ठेवू नये, कारण पाय अडकतो तो फटीतच. चक्र, झोपाळा, शिडी असले सामान काढून घ्यावे. नंतर पिंजऱ्याचे दार कायमचे उघडे बांधून त्याच्यापुढे जाळीचे एक कुंपण घालावे आणि कुंपणाच्या आतली जमीन मापात आणावी. असे केल्यावर जुना पिंजरा ही झोपण्याची खोली होते आणि कुंपण हे अंगण. दाराचा उंबरठा दोन-तीन इंचांहून उंच असेल, तर दोन्ही बाजूंस सपाट उताराची फळी लावून तिच्यावर कापड ताणावे, म्हणजे पाय घसरणार नाही. तारा कापाव्या लागल्या तर प्रत्येक कापलेले टोक कानशीने घासून बोथट करावे आणि बांधलेल्या तारांची टोके बाहेरच्या बाजूस वळवावीत. हे काम घरातील मोठ्या माणसाने करावे, मुलांनी मोजमापे घेऊन द्यावीत.

ज्यांना पिंजरा विकत घ्यायचाच नाही, त्यांच्यासाठी अडगळीतले जुने लाकडी टेबल फार उपयोगी आहे. टेबल उलटे करून ठेवले की त्याचे चार पाय चार खांबांसारखे उभे राहतात आणि फळीखालची चौकट वर येऊन तीन-चार इंचांचा काठ आपोआप मिळतो. या काठामुळे आतील अंथरूण बाहेर सांडत नाही. पाय सुताराकडून सव्वा फुटावर कापून घ्यावेत, भोवती जाळी ठोकावी आणि वरून जाळीचेच उचलते झाकण करावे. मात्र येथे मोजमापाचा एक धडा आहे. टेबलाची फळी चार फूट लांब व दोन फूट रुंद असली, तरी चौकट चारही बाजूंनी इंचभर आत असते. म्हणजे आतील जागा ४६ इंच लांब व २२ इंच रुंद, एकूण १०१२ चौरस इंच. आणि आपल्याला हवे होते १०८०. तेव्हा फळीचे नव्हे, चौकटीच्या आतले माप घ्यावे आणि टेबल थोडे मोठे पाहावे. टेबलाचे पोट कच्च्या लाकडाचे असते व ते मूत्र शोषून कुजते, म्हणून त्यावर लिनोलियम किंवा तसलेच न भिजणारे आच्छादन काठापर्यंत वर वळवून बसवावे. जुन्या तैलरंगात शिशाचे विष असण्याचा संभव असतो आणि गिनीपिग लाकूड कुरतडतोच. रंग पोपडे धरलेला असेल तर ते टेबल नको.

जाळी कोणती घ्यावी हे तो कोठे राहणार यावर अवलंबून आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवू शकत नाही. पडवीत किंवा गच्चीवर पिंजरा असेल तर अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, सांधे जोडलेली, वेल्डमेश म्हणून विकतात ती मजबूत जाळीच हवी. गिनीपिग उंच उडी मारत नाही, म्हणून झाकणाची गरज त्याला नाही. ती मांजराला, घुशीला आणि कावळ्याला अडवण्यासाठी आहे. दाराला नुसती कडी पुरत नाही. तिच्यात अडसर घालावा.

तळावर काय पसरावे, याविषयी आपल्याकडे जे सहज सुचते ते नेमके चुकते. वखारीतला बारीक भुसा स्वस्त असतो, परंतु त्याची धूळ नाकात जाते. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा तर वर्ज्यच समजावा. तो सुगंध आपल्याला सुखावतो, पण त्यातील तेलकट द्रव्ये प्राण्याच्या श्वासनलिकेला झोंबतात. भाताचा पेंढा राठ असतो आणि त्याची टोके डोळ्यांत जातात. गोणपाट अंथरले तर त्याच्या सुटलेल्या धाग्यांत नखे आणि बोटे गुरफटतात. धागा बोटाला आवळला गेला तर ते बोट काळे पडते. चांगला उपाय म्हणजे सुतार रंधा मारतो तेव्हा निघणाऱ्या कुरळ्या, जाडसर ढलप्या. त्या साध्या, बिनवासाच्या लाकडाच्या असाव्यात, प्लायवूडच्या नसाव्यात, आणि दोन-तीन इंच जाडीचा थर द्यावा. ज्यांना ढलप्या मिळत नाहीत त्यांनी तळाशी वर्तमानपत्रे, त्यांवर जुने टॉवेल आणि सर्वांत वर फ्लीसचे कापड अशी घडी घालावी. फ्लीसमधून ओल खाली झिरपते आणि वरचा भाग कोरडा राहतो. आजीची जुनी गोधडी मऊ असली तरी तिचे टाके उसवलेले असतात, म्हणून ती नको.

भिजलेला भाग रोज काढावा आणि आठवड्यातून एकदा सगळे अंथरूण बदलून तळ धुवावा. धुताना तळावर पांढरे, खडूसारखे डाग चिकटलेले दिसतात. गिनीपिगाच्या मूत्रातून चुन्याचे क्षार बाहेर पडतात, त्यांचे हे डाग. साबणाने ते जात नाहीत. पाण्यात थोडा शिरका घालून ओतला की सहज सुटतात. आम्ल आणि चुनखडी यांचा हा प्रयोग शाळेतल्या प्रयोगशाळेत होतो, तोच येथे घरी पाहायला मिळतो. धुऊन झाल्यावर तळ पूर्ण वाळू द्यावा.

घर मोठे, मऊ आणि स्वच्छ झाले तरी ते अजून घर झालेले नाही, आडोसा राहिला. उघड्या मैदानासारख्या पिंजऱ्यात गिनीपिग कोपऱ्यात अंग चोरून बसतो. त्याला रानातल्या झाकलेल्या वाटा हव्या असतात. पुठ्ठ्याचा खोका उपडा घालून त्याला दारे पाडली की काम होते. दारे दोन असावीत, एक नव्हे. एकाच दाराच्या खोक्यात दांडगट भाऊ वाट अडवून बसला, तर दुसरा आत कोंडला जातो. प्राणी दोन असतील तर खोकेही निदान दोन हवेत. पुठ्ठा ते कुरतडतील आणि महिन्याभरात त्याची चाळण करतील, करू द्यावी. गवत एका कोपऱ्यात सैल ढीग करून ठेवावे. बाजारात मिळणारे तारेचे पोकळ गोळे गवत भरण्यासाठी वापरू नयेत, त्यांत मान अडकते. खाता खाता लघवी करण्याची या प्राण्यांना सवय असते, तेव्हा त्या कोपऱ्यात अंथरूण दुप्पट असावे. पाण्याची बाटली जाळीला बाहेरून अडकवावी आणि तिच्या नळीतील गोळी अडकली नाही ना, हे रोज बोट लावून पाहावे. बाटली भरलेली आणि प्राणी तहानलेला, असे यामुळेच घडते.

गिनीपिग एकटा पाळू नये. माणसाने कितीही लाड केले तरी त्याची भाषा माणसाला येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालच्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांनी गिनीपिगासारखा कळपात राहणारा प्राणी एकटा ठेवण्यास मनाई केली. परंतु जोडी आणताना दोघी माद्या किंवा दोघे नर आणावेत. नर आणि मादी एकत्र ठेवली तर सुमारे दोन महिन्यांत पिल्ले होतात. ती जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस असलेली असतात, आणि पिल्लांतल्या माद्या स्वतः महिन्याभरात विण्यायोग्य होतात. साडेसात चौरस फुटांचे गणित मग वर्षभरात कोठल्या कोठे जाते.

घर कोठे ठेवावे, हा प्रश्न थंड देशांतल्या पुस्तकांत चार ओळींत संपतो. आपल्याकडे तो जीवनमरणाचा आहे. गिनीपिग डोंगराळ, थंड मुलखातला. अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस हे त्याला मानवणारे तापमान. तीसच्या वर त्याला धोका सुरू होतो. त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखे धापा टाकून अंग थंड करणेही नीट जमत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या दिवसांत पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या गच्चीत ठेवलेला गिनीपिग एका दुपारीत उष्माघाताने दगावू शकतो. म्हणून पिंजरा घरातल्या सर्वांत थंड, ऊन न येणाऱ्या खोलीत असावा. आत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवावा. प्राणी स्वतःच त्यावर पोट टेकून पसरतात. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी आणि खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावावा. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. प्राणी आडवा पडून भराभर श्वास घेऊ लागला, तोंडातून लाळ गाळू लागला, तर त्याला थंड जागी न्यावे, ओल्या फडक्याने कान आणि पाय पुसावेत आणि तत्काळ पशुवैद्याकडे धाव घ्यावी. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये.

कोकणात आणि घाटमाथ्यावर उन्हाळ्यापेक्षा पावसाळा कठीण. दमट हवेत साठवलेले गवत बुरसटते आणि बुरशी पोटात व कातडीत दोन्हीकडे उपद्रव करते. कुबट वास आलेले गवत, कितीही महाग असले तरी, टाकून द्यावे. केस गळून गोल चट्टा दिसला, तर ते गजकर्ण असू शकते. ते माणसालाही लागते, म्हणून प्राण्यांना हाताळल्यावर हात धुवावेत. मुंग्यांचा त्रास होत असेल तर पूर्वी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तीच युक्ती पिंजऱ्याच्या पायांना लागू पडते. स्वयंपाकघरातली फोडणी आणि दिवाळीचे फटाके या दोन्हींपासून पिंजरा दूर असावा.

खाण्याचा विषय स्वतंत्र आहे. येथे एवढेच पुरे की गवत अखंड हवे आणि ताजी भाजी रोज हवी. माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेमधील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी १९०७ साली गिनीपिगांना नुसते धान्य घालून पाहिले, तेव्हा त्यांना पूर्वी खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग झाला. सिमला मिरचीची एक फोड आणि कोथिंबिरीच्या चार काड्या रोज दिल्या तर ही उणीव भरून निघते. कांदा, लसूण, बटाटा मात्र देऊ नये.

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या अकराव्या कलमात मारहाण, उपासमार यांच्याबरोबर आणखी एक अपराध सांगितला आहे. ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी आणि उंची आतल्या प्राण्याला पुरेशी हालचाल करू देण्याइतकी नाही, अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे. त्या कलमात गिनीपिगाचे नाव नाही आणि इंचांचे माप नाही. माप घेण्याचे काम ज्याच्या हाती पट्टी आहे त्याचे.

सर्व तयारी झाल्यावर प्राणी घरी आणावेत. प्राणी आधी आणि घर मागाहून, असे करू नये. पहिल्या दिवशी त्यांना आत सोडले की ते खोक्यात शिरतात आणि दिसेनासे होतात. शेजारची मुले पाहायला जमली तरी त्यांना ओढून बाहेर काढू नये. रात्री सगळे निजल्यावर गवत चघळल्याचा बारीक आवाज येतो. हे चांगले लक्षण. दोन-चार दिवसांनी एक नाक दारातून बाहेर येते, मग दुसरे. एके सकाळी स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडी सोडल्याची नुसती सळसळ होते आणि पिंजऱ्यातून उंच, तीक्ष्ण शीळ ऐकू येते. आणि पुढे कधीतरी, भरल्या पोटी, त्यांतला एक जण मध्येच धावत सुटतो, चारही पाय उचलून लाहीसारखा टणकन उडतो, हवेतच वळतो आणि पुन्हा धावतो. त्यासाठी त्याला निदान चार फूट सरळ जमीन लागते.